धुण्याच्या जागेतला कुबट वास घालवण्याचा क्रम

नाशिकमधल्या बहुतेक फ्लॅटमध्ये धुण्यासाठी वेगळी खोली नसते. स्वयंपाकघराला लागून चार-पाच फूट रुंदीची ड्राय बाल्कनी असते. तिच्या एका कोपऱ्यात वॉशिंग मशीन, शेजारी मोरीचा चौकोन, वर कप्पीने वर-खाली होणारा वाळवणाचा स्टँड आणि खाली मळक्या कपड्यांची टोपली असते. पाऊस आत येऊ नये म्हणून बऱ्याच जणांनी ही बाल्कनी सरकत्या काचांनी बंदही करून घेतलेली असते. उन्हाळ्यात या व्यवस्थेची कोणाची तक्रार नसते. आषाढ लागला, गंगापूर धरणातून विसर्ग सुरू झाला आणि गोदावरीच्या पात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या कमरेला पाणी लागल्याची बातमी आली, की त्याच आठवड्यात घरोघरी धुतलेल्या टॉवेलांनाही वास येऊ लागतो.

ओळखीच्या अनेक घरांत मी हा वास शोधायला गेलो आहे आणि जवळजवळ प्रत्येक घरात चूक एकच झालेली होती. वास आला की आधी सुगंध आणला जातो. जास्त फॅब्रिक कंडिशनर, टोपलीत डांबराच्या गोळ्या, कोपऱ्यात अगरबत्ती आणि फरशीवर दुप्पट फिनेल, एवढे सगळे झाल्यावर मूळ वास आणि हे नवे वास एकमेकांत मिसळतात आणि मग वास नेमका कुठून येतो हे ओळखणेच अवघड होऊन बसते. दुसरी चूक क्रमाची असते. मशीन आधी साफ केले आणि गटाराचा वास तसाच राहिला, तर माणूस मशीनलाच दोष देत राहतो. म्हणून खालचे टप्पे दिलेल्या क्रमानेच करावेत. एखादा टप्पा तुमच्या घरी लागू नसेल तर तो तपासून पुढे जावे, पण न तपासता वगळू नये.

सुरू करण्यापूर्वी

या कामाला एक रात्र आणि त्यानंतरचा एक पूर्ण दिवस लागतो; भिंतीला ओल असेल तर तिच्या तपासणीला आणखी दोन दिवस. पाऊस सलग कोसळत असेल असा दिवस टाळावा, आणि पाणी येण्याची वेळ लक्षात घेऊन टाकी भरलेली असताना काम सुरू करावे, कारण मशीनच्या फेऱ्या मध्येच थांबल्या तर त्या पुन्हा पहिल्यापासून कराव्या लागतात.

साहित्य साधे आहे: रबरी हातमोजे, मास्क, दोन जुने टूथब्रश, एक लांब दांड्याचा ब्रश, चार-पाच सुती फडकी, टॉर्च, उथळ ताटली, स्वयंपाकघरातला अॅल्युमिनियम फॉइल, चिकटपट्टी, प्लॅस्टिकची एक जाड पिशवी, लिंबूसत्त्व म्हणजेच सायट्रिक ॲसिड, सोडियम हायपोक्लोराइटचे साधे द्रव ब्लीच आणि भांड्यांचा साबण. शक्य असल्यास आर्द्रता दाखवणारे छोटे डिजिटल यंत्रही घ्यावे. ते फारसे महाग नसते आणि पुढे बरेच वाद मिटवते.

आदल्या दिवशी अगरबत्ती, कापूर, रूम फ्रेशनर आणि डांबराच्या गोळ्या बाल्कनीतून काढून टाकाव्यात. तान्हे मूल असलेल्या घरात तर कपड्यांत डांबराच्या गोळ्या ठेवूच नयेत. त्यातल्या नॅफ्थलीनमुळे काही बाळांच्या रक्तपेशींना इजा होऊ शकते.

सावधान: ब्लीच आणि कोणतेही ॲसिड (लिंबूसत्त्व, व्हिनेगर, संडास साफ करण्याचे ॲसिड) एकत्र आले तर क्लोरीन वायू तयार होतो. बंद बाल्कनीत हा वायू घातक ठरतो. एकाच जागेवर एकाच दिवशी या दोहोंपैकी एकच वस्तू वापरावी.

टप्पा १: वासाचा उगम शोधा

वास तीन प्रकारचे असतात आणि ते ओळखता आले तर निम्मे काम होते. सडक्या अंड्यासारखा वास गटारातून येतो. ओल्या मातीसारखा, जुन्या पुस्तकासारखा वास भिंतीवरच्या किंवा लाकडातल्या बुरशीचा असतो. आंबूस, घामट, ओल्या पोतेऱ्यासारखा वास मशीनमधला किंवा कपड्यांमधला असतो.

अडचण अशी की आपले नाक काही मिनिटांत वासाला सरावते आणि घरातल्या माणसांना तो जाणवेनासा होतो. म्हणून ही तपासणी रात्री लावून ठेवावी आणि सकाळी बाहेर चक्कर मारून आल्यावर करावी.

रात्री सगळे धुणे संपल्यावर मोरीच्या जाळीवर पाण्याने भरून तोंड घट्ट बांधलेली प्लॅस्टिकची पिशवी ठेवावी. पाण्याच्या वजनाने ती जाळीवर नीट बसते आणि खालची हवा वर येऊ देत नाही. मशीनचे दार किंवा झाकण पूर्ण बंद करावे. मळक्या कपड्यांची टोपली आणि पोतेरी दुसऱ्या खोलीत न्यावीत. बाल्कनीच्या काचा आणि स्वयंपाकघराकडचे दार बंद करावे.

सकाळी दार उघडताक्षणी बाल्कनीत वास आला, तर तो भिंत, फरशी किंवा कपाट यांपैकी कशाचा तरी आहे, कारण बाकी सगळे झाकलेले किंवा बाहेर नेलेले होते. वास नसेल तर पिशवी उचलून जाळीजवळ वास घ्यावा. त्यानंतर मशीनचे दार उघडावे आणि शेवटी टोपलीकडे जावे. जिथे वास आला ते कागदावर लिहून ठेवावे. बहुतेक घरांत एकापेक्षा जास्त उगम सापडतात आणि त्यात घाबरण्यासारखे काही नाही.

आमच्याच इमारतीत वरच्या मजल्यावरच्या काकूंना एका मेकॅनिकने नवे मशीन घ्यायला सांगितले होते आणि त्यांनी दुकानात जाऊन किमतीही पाहून ठेवल्या होत्या. "काकू, एक रात्र जाळीवर पाण्याची पिशवी ठेवून बघू या," एवढेच मी म्हटले. सकाळी बाल्कनीत वासाचा मागमूस नव्हता. पिशवी उचलली आणि काकू नाकाला पदर लावून मागे सरल्या. मशीन बिचारे निर्दोष होते.

टप्पा २: मोरी, नहाणी ट्रॅप आणि मशीनचा पाइप

जाळीखाली जो वाटीसारखा किंवा वाकड्या पाइपसारखा भाग असतो त्याला प्लंबर नहाणी ट्रॅप म्हणतात. त्यात कायम थोडे पाणी साठून राहते आणि तेच पाणी गटाराची हवा अडवते. हे पाणी साधारण ५० मिलिमीटर उंचीचे असावे लागते. पाणी आटले, किंवा केस-धाग्यांच्या गुंत्याने ते हळूहळू शोषून पुढे नेले, की गटार थेट घरात उघडते. घर आठ-पंधरा दिवस बंद असताना, विशेषतः एप्रिल-मे महिन्यांत, असे हमखास होते.

जाळी काढावी. आत सैल बसवलेली उलटी वाटी असेल तर तीही काढावी. ही वाटी अडचण वाटते म्हणून कायमची काढून टाकणारी घरे मी पाहिली आहेत, आणि अशा ट्रॅपमध्ये वास अडवणारे दुसरे काही उरतच नाही. हातमोजे घालून हाताने केस, धागे आणि राखाडी बुळबुळीत थर बाहेर काढावा. हा थर साबण, त्वचेचा ओशटपणा आणि कपड्यांचे तंतू यांचा असतो आणि नुसते पाणी ओतून तो जात नाही. बाजू लांब ब्रशने घासाव्यात, भांड्यांचा साबण घालून पुन्हा घासाव्यात आणि हाताला सोसेल त्याहून थोडे अधिक गरम पाणी दोन बादल्या ओतावे.

सावधान: उकळते पाणी ओतू नये. हल्लीचे पाइप पीव्हीसीचे असतात. उकळत्या पाण्याने ते मऊ पडतात आणि जोड सैल होतात. मग खालच्या घराच्या छताला ओल दिसते आणि वासापेक्षा मोठे भांडण उभे राहते.

आता मशीनचा पाइप पाहावा. अनेक घरांत तो नुसता जाळीतून आत खुपसलेला असतो आणि भोवती बोटभर फट असते. त्या फटीतून मोरीतला दमट वास वर येतो आणि झुरळेही येतात. पाइपासाठी मधोमध भोक असलेली जाळी हार्डवेअरच्या दुकानात मिळते, ती बसवावी. पाइप मात्र ट्रॅपच्या पाण्यात बुडेल इतका आत ढकलू नये, नाहीतर मळके पाणी पाइपातून उलटे चढू शकते. भिंतीतल्या उभ्या पाइपात नळी सोडलेली असेल तर त्या पाइपाखाली ट्रॅप आहे का, हे प्लंबरला विचारून घ्यावे. ट्रॅप नसेल तर गटाराची हवा नळीवाटे थेट ड्रममध्ये येते, आणि मशीन कितीही घासले तरी वास परत येतो.

सेमी-ऑटोमॅटिक मशीनची घडीदार नळी फरशीवर आडवी पडलेली असते आणि तिच्या प्रत्येक घडीत चमचाभर पाणी साठते. शक्य असेल तर ती काढून नळाखाली धरावी आणि दोन्ही टोके खाली राहतील अशी तासभर दोरीवर टांगावी. पहिल्यांदा तिच्यातून जे बाहेर पडते ते पाहिल्यावर हे काम पुन्हा कोणी टाळत नाही.

तपासणी: एक बादली पाणी एकदम मोरीत ओतावे. पाणी तुंबता कामा नये. शेवटी गुडगुड आवाज येत राहिला आणि ट्रॅपमधले पाणी ओढले गेले, तर इमारतीच्या मुख्य पाइपाची हवा कोंडलेली असण्याची शक्यता आहे; ते काम सोसायटीचे असते, तुमच्या ब्रशचे नाही.

टप्पा ३: मशीन

प्लग काढल्याशिवाय या टप्प्याला हात लावू नये. ओल्या फरशीवर, ओल्या हातांनी, १६ अँपिअरच्या सॉकेटशेजारी काम करायचे आहे.

सुरुवात पावडरच्या खणापासून करावी. मागची कळ दाबली की खण पूर्ण बाहेर येतो. कंडिशनरच्या कप्प्यात निळसर-काळा चिकट थर दिसेल. खण गरम साबणपाण्यात भिजत ठेवावा आणि तोपर्यंत तो ज्या पोकळीत बसतो तिची वरची बाजू टॉर्च लावून पाहावी. पाणी वरून पडत असल्याने बुरशी तिथे छताला चिकटलेली असते, आणि खण घासणारे दहापैकी नऊ जण ती जागा बघतच नाहीत.

पुढे फ्रंट लोड मशीनच्या दाराचा रबर. त्याची खालची घडी दोन बोटांनी पुढे ओढावी. आत पाणी, केस, धागे आणि कधीकधी बाळाचा हरवलेला मोजा असतो. घडीच्या तळाशी पाणी वाहून जाण्यासाठी बारीक भोके असतात. ती केसांनी बुजली की घडीत कायम डबके राहते. टूथपिकने ती मोकळी करावीत. मग रबर साबणाने पुसावा. काळे ठिपके राहिले तर एक लिटर पाण्यात साधारण ६० मिली ब्लीच मिसळून त्यात भिजवलेले फडके दहा मिनिटे घडीत दाबून ठेवावे आणि नंतर साध्या पाण्याने दोनदा पुसून घ्यावे. ठिपके जुने असतील तर डाग पूर्ण जाणार नाही. वास गेला म्हणजे काम झाले. रबर खरवडण्यासाठी सुरी किंवा तारेची घासणी मुळीच वापरू नये.

त्यानंतर खालच्या कोपऱ्यातला पंपाचा फिल्टर. गरम पाण्याची फेरी नुकतीच झाली असेल तर पाणी निवेपर्यंत थांबावे. उथळ ताटली खाली सरकवावी, फडके पसरावे आणि झाकण थोडेथोडे उलटे फिरवावे; एकदम उघडले तर दोन-तीन लिटर पाणी फरशीवर येते. आमच्या फिल्टरमधून पहिल्या वेळी निघालेला ऐवज असा होता: दोन सेफ्टी पिना, एक रुपयाचे नाणे, शर्टाची तीन बटणे, वाळलेल्या लगद्यात अडकलेल्या सात टिकल्या आणि एका टिश्यू पेपरचे उरलेसुरले अवशेष. वास त्या लगद्याला होता. टॉप लोड मशीनमध्ये या फिल्टरऐवजी ड्रमच्या बाजूला जाळीची पिशवी असते. ती उलटी करून धुवावी आणि फाटली असेल तर बदलावी.

हे सगळे हाताने झाल्यावरच प्लग लावून रिकाम्या मशीनची फेरी करावी. आधी फेरी आणि मग फिल्टर असा उलटा क्रम केला तर सुटलेली सगळी घाण फिल्टरवरून पुन्हा ड्रममध्ये फिरते.

फेरीत काय घालावे, हे पाण्यावर ठरते. महापालिकेचे धरणाचे पाणी वापरणाऱ्या घरांत मुख्य त्रास साबणाच्या थराचा असतो. बोअरच्या किंवा टँकरच्या पाण्यावर चालणाऱ्या सोसायट्यांत क्षारांचा पांढरा थरही चढतो, आणि त्या खरबरीत थराला साबण व तंतू चटकन चिकटतात. नळाच्या तोंडाशी पांढरी खपली दिसत असेल तर सुमारे १०० ग्रॅम लिंबूसत्त्व ड्रममध्ये टाकून ६० अंशांवर रिकामी फेरी करावी; रबराला त्या दिवशी ब्लीच लावले असेल तर ही फेरी दुसऱ्या दिवशी करावी. खपली नसेल तर मशीनच्या माहितीपुस्तिकेत सांगितलेले टब क्लीनर वापरावे. ब्लीच चालेल असे पुस्तिकेत स्पष्ट लिहिले असेल तरच ते वापरावे, आणि तेही लिंबूसत्त्वाच्या दिवशी नव्हे. पाणी तापवणारा हीटर नसलेल्या टॉप लोड मशीनमध्ये गिझरचे गरम पाणी बादलीने ओतता येते, मात्र किती गरम पाणी चालते ते आधी पुस्तिकेत पाहावे.

खाण्याचा सोडा आणि व्हिनेगर एकत्र टाकण्याचा सल्ला हल्ली सगळीकडे फिरतो. दोन्ही एकत्र आले की फसफसून एकमेकांचा परिणाम घालवतात आणि मागे मुख्यतः पाणी व थोडे मीठासारखे द्रव्य उरते. फेस पाहून समाधान होते, एवढाच त्याचा उपयोग.

तपासणी: फेरी संपल्यावर ड्रम कोरड्या पांढऱ्या फडक्याने पुसावा. राखाडी कण आले तर आणखी एक फेरी लागेल. कण येणे थांबेपर्यंत त्यात कपडे टाकू नयेत.

टप्पा ४: फरशी आणि भिंती

फरशीवर मगभर पाणी ओतून उतार पाहावा. पाणी मोरीकडे न जाता मशीनखाली साठत असेल तर तिथे शेवाळ आणि वास कायम राहणार. आमच्या घरी बिल्डरने उतार अगदी उलट दिला होता. फरशी उखडण्याऐवजी मशीन स्टँडवर चार इंच उचलले, आणि आता रोज वायपर खालून फिरतो. मशीन आणि मागची भिंत यांच्यात एक वीत अंतर असले तर हवा खेळते.

भिंतीवर ओलीचा डाग असेल तर ती ओल बाहेरून झिरपते की खोलीतल्याच वाफेची आहे, हे आधी ठरवावे. भिंत पुसून हातभर फॉइल चारही बाजूंनी चिकटपट्टीने सीलबंद करावा आणि दोन दिवसांनी पाहावा. फॉइलच्या बाहेरच्या, म्हणजे आपल्याकडच्या बाजूला थेंब दिसले तर खोलीत वाफ जास्त आहे आणि पुढचा टप्पा तुमचे काम करेल. थेंब आतल्या, भिंतीकडच्या बाजूला असतील तर पाणी भिंतीतून येते आहे. तिथे बाहेरच्या प्लास्टरच्या भेगा किंवा वरच्या घराची मोरी दुरुस्त झाल्याशिवाय कोणताही रंग टिकत नाही. बुरशीवर तसाच रंग मारणे हे पैसे वाया घालवण्याचे खात्रीचे साधन आहे.

काळी बुरशी कोरडी असताना खरवडू नये, कारण तिचे कण हवेत उडतात. मास्क लावून, काच उघडून, आधी साबणपाण्याने ओली करावी आणि मग फडक्याने पुसावी. टाइल्सवर वर सांगितलेले ब्लीचचे पाणी चालते. रंगवलेल्या भिंतीवर साबणपाणी वापरून पंख्याने पूर्ण सुकवणे बरे. लाकडी किंवा प्लायवूडचा कप्पा आतून फुगला असेल तर तो धुवून उपयोग नाही, काढून टाकावा.

टप्पा ५: वाळवण

सगळ्यात जास्त हयगय या टप्प्यात होते, आणि एकदा गेलेला वास इथूनच परत येतो. बंद बाल्कनीत ओले कपडे वाळतात तेव्हा त्यातले पाणी कुठे जाते, याचा विचार आपण करत नाही. भाजीवाल्याकडे असतो तसा लटकता काटा आणून मी एकदा धुणे तोलले. कोरडे असताना ४ किलो भरलेले कपडे मशीनच्या शेवटच्या पिळणीनंतर ६ किलो ४०० ग्रॅम भरले. म्हणजे सुमारे अडीच लिटर पाणी मी त्या इवल्या जागेत हवेत सोडणार होतो, आणि काचा मात्र बंद होत्या.

पहिला उपाय पिळण्याचा. धुणे झाल्यावर फक्त स्पिनची आणखी एक फेरी करावी. त्या काही मिनिटांत जे पाणी नळीने निघून जाते, ते नंतर हवेतून घालवायला कित्येक तास लागतात. जाड सुती कपड्यांसाठी मशीनला जमेल तेवढा जास्त वेग ठेवावा. सेमी-ऑटोमॅटिकच्या ड्रायरमध्ये कपडे कोंबून भरू नयेत. ते एका बाजूला गोळा झाले की मशीन थरथरते आणि पाणीही नीट निघत नाही.

दुसरा उपाय हवेचा. नाशिकच्या पावसाळ्यात बाहेरची हवाच इतकी दमट असते की नुसती काच उघडून कपडे लवकर वाळतीलच असे नाही. हवा हलती हवी. टेबलफॅन कपड्यांच्या रांगेत आडवा वारा जाईल असा ठेवावा. एक्झॉस्ट फॅन असेल तर तो आतली दमट हवा बाहेर टाकतो, पण त्याला आत येणारी हवाही लागते. सगळ्या काचा आणि दारे बंद करून तो चालवला तर तो नुसता घरघरत राहतो. त्याच्या समोरच्या बाजूचे दार बोटभर उघडे ठेवावे. आर्द्रता दाखवणारे यंत्र असेल तर आकडा ६० टक्क्यांच्या आसपास आणण्याचा प्रयत्न करावा; दिवसेंदिवस तो ७०च्या वर राहिला तर बुरशीला आमंत्रणच आहे.

तिसरा उपाय टांगण्याचा. दोन कपड्यांत चार बोटे अंतर ठेवावे. जीन्स उलटी करून, खिसे बाहेर काढून, कमरेची पट्टी वर करून टांगावी, कारण सगळ्यात उशिरा तीच वाळते. टॉवेल दोरीवर दुहेरी घालू नये. तो एका कडेला चिमटे लावून लांब सोडावा. हुडी आणि जाड कुडते हँगरवर घालावेत. जागा पुरत नसेल तर धुणे कमी करावे: पावसाळ्यात आठवड्यातून दोनदा भरगच्च धुणे काढण्यापेक्षा एक दिवसाआड अर्धे मशीन लावलेले बरे.

हिवाळ्यात प्रश्न वेगळा असतो. डिसेंबर-जानेवारीत नाशिकची हवा कोरडी असली तरी रात्री थंडी पडते, आणि संध्याकाळी घातलेले कपडे सकाळपर्यंत तसेच गार राहतात. त्या दिवसांत धुणे सकाळीच उरकावे.

तपासणी: वाळलेल्या कपड्याची शिवण आणि काखेचा भाग ओठांच्या वरच्या त्वचेला लावून पाहावा. हाताच्या बोटांपेक्षा तिथे ओलसरपणा चटकन कळतो. शंका असलेला कपडा घडी करून कपाटात ठेवू नये. एक ओलसर कपडा शेजारच्या दहांना वास लावतो.

टप्पा ६: वास मुरलेले कपडे

काही टॉवेल धुऊन-वाळवून ठेवलेले असताना ठीक वाटतात आणि अंग पुसायला घेतले की पुन्हा वास मारतात. जपानी संशोधकांनी २०१२ मध्ये दाखवून दिले की घरात वाळवलेल्या कपड्यांच्या या वासामागे प्रामुख्याने मोराक्सेला ओस्लोएन्सिस नावाचा जिवाणू असतो. तो वाळणे बऱ्यापैकी सोसतो, धाग्यांत टिकून राहतो आणि ओल मिळताच पुन्हा कामाला लागतो. अशा कपड्यांना जास्त पावडर घालून उपयोग होत नाही. त्यांना उष्णता हवी.

पांढरे आणि पक्क्या रंगाचे सुती टॉवेल, चादरी व बनियन ६० अंशांच्या फेरीत धुवावेत. ते शक्य नसेल तर बादलीत गरम पाणी आणि ऑक्सिजन ब्लीच, म्हणजे सोडियम परकार्बोनेटची पावडर, पाकिटावरच्या प्रमाणात घालून तासभर भिजवावेत आणि मग नेहमीसारखे धुवावेत. हे पाणी कोमट असून चालत नाही. रेशीम आणि लोकर यांना हा उपाय वर्ज्य आहे. येवल्याची पैठणी तर या बादलीच्या आसपासही नेऊ नये.

कंडिशनर टॉवेलांना लावूच नये. त्याचा थर धाग्यांवर बसतो आणि टॉवेल पाणी टिपेनासा होतो. पावडरही बहुतेक घरांत गरजेपेक्षा जास्त पडते. त्याची तपासणी सोपी आहे: धुतलेला स्वच्छ टॉवेल कोमट पाण्याच्या बादलीत हाताने घुसळावा. फेस आला तर कपड्यांत साबण उरलेला आहे. पुढच्या वेळी पावडर एक चतुर्थांश कमी करावी आणि खळबळण्याची एक फेरी वाढवावी. बोअरच्या जड पाण्याला पावडर थोडी जास्त लागते, पण ती अंदाजाने न ओतता मापानेच घालावी. फ्रंट लोड मशीनमध्ये हाताने धुण्याची फेसाळ पावडर वापरू नये.

टप्पा ७: रोजची आणि आठवड्याची शिस्त

धुणे संपले की अर्ध्या तासात ड्रममधून बाहेर आले पाहिजे. रात्री मशीन लावून झोपायचे असेल तर उशिरा सुरू होण्याचा टायमर असा लावावा की ते पहाटे उठण्याच्या वेळी संपेल. कपडे काढल्यावर रबराची घडी फडक्याने पुसावी, दार आणि पावडरचा खण अर्धवट उघडे ठेवावेत. घरात लहान मूल असेल तर दार उघडे ठेवताना ते आत शिरणार नाही याची व्यवस्था आधी करावी.

मळक्या कपड्यांची टोपली भोकांची असावी आणि तिच्यात ओला टॉवेल, घामाने भिजलेला टी-शर्ट किंवा पावसात भिजलेला शाळेचा गणवेश थेट टाकू नये. आधी दोरीवर सुकवावा, मग टोपलीत. पोतेरी आणि पायपुसणी कपड्यांबरोबर धुऊ नयेत.

आठवड्यातून एकदा मोरीची जाळी उचलून केस काढावेत. महिन्यातून एकदा पंपाचा फिल्टर आणि रिकामी गरम फेरी. फेरीला पावडर लागतेच असे नाही, गरम पाणी लागते. लिंबूसत्त्वाची फेरी बोअरच्या पाण्यावर दोन-तीन महिन्यांनी पुरते.

सुटीत घर बंद करून जाताना मशीन कोरडे करून दार उघडे ठेवावे, पाण्याचा कॉक बंद करावा, प्रत्येक मोरीत एक मग पाणी ओतावे आणि त्यावर चमचाभर गोडेतेल सोडावे. तेलाचा पातळ थर पाण्यावर तरंगत राहतो आणि ट्रॅपमधले पाणी आटू देत नाही. परत आल्यावर एक बादली पाणी ओतून ते तेल वाहून घालवावे, आणि त्यानंतरच पहिले मशीन लावावे.